सणातलं गणित वर्गात कसं आणावं: सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

सोलापूरच्या शाळेत गणित शिकवायला लागले त्या वर्षी दिवाळीआधी मी एक स्वाध्याय कागद तयार केला होता. कोपऱ्यात पणतीचं चित्र, आणि गणित असं: एका खोक्यात १२ पणत्या, तर १५ खोक्यांत किती? मुलांनी पटापट उत्तरं लिहिली आणि कागद परत दिले. पणतीच्या जागी खोडरबर लिहिलं असतं तरी काही फरक पडला नसता. सणाचं नुसतं चित्र लावलं होतं, सण त्यात कुठेच नव्हता.

तेव्हापासून उपक्रम ठरवताना मी एकच कसोटी लावते. सण बाजूला काढला तर गणित तसंच उरतं का? उरत असेल तर तो उपक्रम सोडून द्यायचा. सणात माणसं खरोखर जे मोजतात, वाटतात, जुळवतात, ताडतात, तेच वर्गात आणायचं. खाली दिलेले सगळे उपक्रम मी एकाहून जास्त वेळा घेतले आहेत. जिथे फसले तेही लिहिलं आहे, म्हणजे तुमची तासिका वाया जाणार नाही.

१. जूनमध्येच दिनदर्शिका आणि वार्षिक नियोजन शेजारी ठेवा

सणाच्या दिवशी शाळेला सुट्टी असते, हे उघड असूनही नियोजनात विसरलं जातं. उपक्रम सणाच्या आठवडाभर आधी घ्या, किंवा सुट्टीनंतर लगेच. दिवाळीच्या आधी प्रथम सत्र परीक्षा असते, त्यामुळे आकाशकंदिलाचा उपक्रम परीक्षेच्या आधीच उरकावा लागतो. परीक्षा संपल्यावर घेऊ म्हणाल तर निम्मा वर्ग गावी गेलेला असतो. संक्रांतीच्या वेळी आपल्याकडे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रा असते, त्या चार-पाच दिवसांत हजेरी कमी होते. मार्चनंतर सकाळची शाळा, त्यामुळे दुपारच्या उन्हाचा उपक्रम शाळेत करता येत नाही.

सण आणि घटक यांची जोडी आधीच ठरवून ठेवा. माझी अशी आहे: श्रावणात रांगोळी आणि संख्यांचे आकृतिबंध, दिवाळीआधी कंदील आणि त्रिमितीय आकार, जानेवारीत तिळगूळ आणि गुणोत्तर-प्रमाण, गड्ड्यानंतर शेकडेवारी, गुढीपाडव्याला सावली. दिनदर्शिकेचा उपक्रम वर्षात कधीही चालतो.

२. साहित्य आणि परवानग्या

खर्च फार नाही. एवढं जमवा:

- ठिपक्यांचा कागद आणि आलेख कागद
- सुतळी किंवा जाड दोरा, मोजपट्टी, कोनमापक
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा (शाळेत नसेल तर एखाद्या पालकाकडून दिवसापुरता मागून आणा)
- मागच्या चार-पाच वर्षांच्या दिनदर्शिका
- कार्डशीट, डिंक, गोल टोकाच्या कात्र्या
- शहराचा प्रमाण दिलेला नकाशा, मोठा छापलेला

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. मुलांना शाळेबाहेर नेणार असाल तर पालकांचं संमतीपत्र लागेल. खाण्याचा पदार्थ असेल तर तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का हे चिठ्ठी पाठवून विचारा. वर्गात तोंडी विचारलं तर मुलं सांगत नाहीत.

३. सुरुवात रांगोळीपासून करा

पहिलाच उपक्रम असेल तर रांगोळी घ्या. काही बिघडत नाही, आणि गणितात मागे पडणारी कितीतरी मुलं इथे पुढे येतात.

फळ्यावर ‘सात ते एक’ ठिपके काढा: मधली ओळ सातची, वर आणि खाली एकेक कमी करत एकपर्यंत. एकूण ठिपके किती? बहुतेक मुलं मोजत बसतात. ४९ आले की ‘पाच ते एक’ काढायला सांगा. २५ येतात. मग ‘नऊ ते एक’चे ठिपके न काढता विचारा. इथे कोणीतरी ८१ म्हणतं. लगेच शाबासकी देऊन पुढे जाऊ नका, का ते विचारा. कागद तिरका धरला की तोच चौरस दिसतो. हे मुलांना स्वतःला दिसू द्या, तुम्ही दाखवू नका.

मग ‘सात ते चार’ द्या. ओळी ४, ५, ६, ७, ६, ५, ४, म्हणजे एकूण ३७. याच घराण्यातल्या लहान रांगोळ्या ‘तीन ते दोन’ आणि ‘पाच ते तीन’, त्यांचे ठिपके ७ आणि १९. आता ७, १९, ३७ यांतले फरक काढायला लावा: १२, १८. पुढचा फरक २४ असेल, म्हणून ‘नऊ ते पाच’ला ६१ ठिपके लागतील. हे कागदावर पडताळून बघू द्या. आठवीला इथून बीजगणितात नेता येतं. कडेला न ठिपके असतील तर एकूण ठिपके ३ × न × (न − १) + १. न = ४ घातला की ३७ येतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी आजीचा रांगोळीचा कागद आणला. उदबत्तीने भोकं पाडलेला, कडा तपकिरी झालेल्या, घड्या पडलेल्या जागी मऊ झालेला. त्यावर रांगोळी भुरभुरली की खाली ठिपके उमटतात. आजीने भोकं सारख्या अंतरावर कशी पाडली असतील, यावर अर्धी तासिका गेली. घडी घालून पाडली असतील, असं शेवटी मुलांनीच शोधलं, आणि सममितीचा अक्ष मला वेगळा शिकवावा लागला नाही.

सापळा: रंग भरायला परवानगी दिली की गणित थांबतं. रंग घरी.

४. तिळगूळ: गुणोत्तराचा सर्वात चांगला धडा

प्रमाण घरोघरी वेगळं असतं, म्हणून आधी मुलांकडून घरचं प्रमाण लिहून आणायला सांगा. ‘दोन वाट्या’ असं आलं तर वाटीत किती ग्रॅम बसतात ते काट्यावर मोजा. वाटीभर तीळ आणि वाटीभर गूळ यांचं वजन सारखं नसतं, हे मुलांना खरंच नवीन वाटतं.

मग वर्गासाठी एक प्रमाण ठरवा. उदाहरणार्थ तीळ ५०० ग्रॅम, चिक्कीचा गूळ ५०० ग्रॅम, शेंगदाणे २०० ग्रॅम, म्हणजे ५ : ५ : २. वर्गात ५२ मुलं, प्रत्येकाला तीन लाडू, एक लाडू १५ ग्रॅमचा. लाडू १५६, वजन २३४० ग्रॅम. भाग बारा, एक भाग १९५ ग्रॅम. तीळ ९७५, गूळ ९७५, दाणे ३९०. ही आकडेमोड मुलांना करू द्या आणि यादी त्यांच्याच हातून दुकानात जाऊ द्या. कोणाचा आकडा चुकला तर चर्चा आपोआप होते, कारण कमी पडलं तर लाडू कमी मिळणार असतो.

पाक वर्गात करू नका. गुळाचा पाक अंगावर उडाला तर फार भाजतं. मी पालकांच्या मदतीने स्वयंपाकघरात मिश्रण करून घेते. हाताला सोसेल एवढं निवलं की तुपाचा हात लावून मुलं लाडू वळतात. फार थांबलात तर मिश्रण घट्ट होतं आणि लाडू वळतच नाहीत, म्हणून गट आधीच बसवून ठेवा.

एका वर्षी एका गटाने वळलेले दहा लाडू मी क्रमाने काट्यावर ठेवले. १८, १७, १६, १५, १५, १५, १४, १३, १२, ११ ग्रॅम. सरासरी १४.६, म्हणजे ठरवलेल्या पंधराच्या अगदी जवळ. गट खूष झाला. पण शेवटचा लाडू ज्याच्या वाट्याला आला तो मुलगा गप्प होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, “बाई, सरासरी बरोबर आहे, पण मला अकराचाच मिळाला.” सरासरी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मी त्याआधी इतकी वर्षं फळ्यावर सांगत होते. त्या दिवशी वर्गाने स्वतःहून सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान लाडवातला फरक काढायला सुरुवात केली.

शेवटी एकूण वजन करा. ठरवलेल्यापेक्षा थोडं कमीच भरतं, कारण पाक कढईला आणि हाताला चिकटतो. १२०० ग्रॅम साहित्याचे ११४० ग्रॅम लाडू झाले तर घट ५ टक्के. पुढच्या वेळी किती जास्त घ्यावं लागेल, हा प्रश्न सातवी-आठवीला द्या. बरीच मुलं सरळ ५ टक्के वाढवतात. १२०० चे १२६० झाले, त्यातून ५ टक्के गेले की उरतात ११९७. तीन ग्रॅम कुठे गेले यावर खूप बोलणं होतं, ते होऊ द्या.

५. दिवाळी, ईद आणि अधिक महिना

माझा सगळ्यात आवडता उपक्रम हाच. आपल्या वर्गांत घरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं शेजारी बसतात, आणि इथे दोन घरांच्या सणांची तारीख एकाच गणिताने उलगडते. पूर्णांक संख्यांसाठी सहावीलाही चालतो.

पायरी पहिली. गटांना जुन्या दिनदर्शिका द्या आणि लक्ष्मीपूजनाच्या तारखा काढायला सांगा: २०२२ ला २४ ऑक्टोबर, २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर. सण पुढे गेला तर अधिक, मागे आला तर उणे. उत्तरं: +१९, −११, −११.

पायरी दुसरी. रमजान ईदच्या तारखा: २०२२ ला ३ मे, २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च. इथे −११, −११, −११.

आता थांबा. फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा आणि काही बोलू नका. दोन्हीकडे −११ का? आणि दिवाळीलाच एकदा +१९ कुठून आलं?

पायरी तिसरी. चंद्राचा एक महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. बारा महिन्यांचे ३५४.३६ दिवस. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, फरक साधारण ११. हा अकरा दोन्ही सणांना लागू. पण आपल्या पंचांगात हा फरक साठत गेला की एक महिना जास्तीचा धरतात. तीन वर्षांत ३३ दिवस साठतात, म्हणजे महिन्याहून थोडे जास्त. मुलांना दिनदर्शिकेत अधिक महिना शोधायला लावा. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. म्हणजे २०२२ च्या दिवाळीपासून २०२३ च्या दिवाळीपर्यंत १२ नव्हे, १३ चांद्रमास गेले: ३८४ दिवस. ३८४ वजा ३६५ बरोबर १९.

हा १९ जेव्हा वजाबाकीतून बाहेर येतो तेव्हा वर्गाचा आवाज ऐका. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. “आमचे अब्बा सांगतात, त्यांच्या लहानपणी थंडीत रोजे असायचे,” असं एका मुलाने सांगितलं. आम्ही लगेच ३६५ ला ११ ने भागलं. साधारण ३३ वर्षांत चक्र पूर्ण होतं. मग त्याने अब्बांच्या वयातून हिशोब जुळवून दाखवला.

आठवीला पुढचं काम: २०१५, २०१८, २०२०, २०२३, २०२६ ही अधिक महिन्यांची वर्षं. मधली अंतरं ३, २, ३, ३. दर तीन वर्षांनी का नाही? १९ वर्षांत साधारण ७ अधिक महिने येतात. १९ वर्षांत साठलेले दिवस आणि ७ महिन्यांचे दिवस काढून तुलना करा. ३६५.२५ आणि २९.५३ घेतले तरच जुळतं, नुसता ११ घेतला तर साठलेले दिवस दोनेकाने जास्त होतात. किती दशांश स्थळं घ्यायची हा प्रश्न पुस्तकात कोरडा वाटतो, इथे तो लागतो.

दोन सापळे. २०२४ हे लीप वर्ष, त्यामुळे दोन सणांमधले दिवस मोजणाऱ्याला ३५५ मिळतील, ३५४ नाही. हे आधी सांगू नका, पण तयारी ठेवा. दुसरं, ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते आणि जुन्या छापील दिनदर्शिकेत एक दिवस इकडेतिकडे असू शकते. वर्गातल्या मुलांच्या घरून खात्री करून घ्या.

शालिवाहन शकाचा लहान उपक्रम इथेच जोडता येतो. इसवी सनातून ७८ वजा केले की शक, असं मुलं पाठ करतात. पण शक पाडव्याला बदलतो. जानेवारी २०२५ मध्ये शक १९४६ होता, पाडव्यानंतर १९४७. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ७९ वजा करावे लागतात.

६. आकाशकंदील

पारंपरिक कंदिलाच्या सांगाड्यात १८ चौरस आणि ८ त्रिकोण असतात. कडा मोजायला सांगितल्या की मुलं गोंधळतात, तीच कड दोनदा मोजतात. मग युक्ती द्या: १८ × ४ आणि ८ × ३ मिळून ९६ बाजू, प्रत्येक कड दोन आकारांत सामाईक, म्हणून ४८ कडा. शिरोबिंदू २४. पृष्ठे + शिरोबिंदू − कडा = २६ + २४ − ४८ = २. घनासाठी हेच करा, पुन्हा २ येतात. काड्यांऐवजी कार्डशीट वापरा. सगळे चौरस एकाच साच्यावरून कापले नाहीत तर शेवटचा आकार बसत नाही आणि मुलं हिरमुसतात.

७. गड्डा

सिद्धेश्वर यात्रेला वर्गातल्या बहुतेक सगळ्यांच्या घरचे जातात, म्हणून हा उपक्रम सोलापूरच्या शिक्षकांनी सोडू नये.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापलेली ६८ लिंगं शहर परिसरात आहेत. ६८ चे मूळ अवयव २ × २ × १७. वर्गाचे चार गट करा, प्रत्येकाला १७. प्रत्येकाने आपल्या घराजवळचं लिंग नकाशावर शोधायचं, मग दोरा रस्त्यावरून वळवत दोन लिंगांमधलं अंतर मोजायचं. नकाशाचं प्रमाण १ सेंमी = २५० मीटर असेल आणि दोरा १४ सेंमी भरला तर साडेतीन किलोमीटर. सरळ पट्टीने मोजलेलं आणि दोऱ्याने मोजलेलं अंतर शेजारी लिहून ठेवा. यात्रेतले सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) या ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी जातात, तो मार्ग घरच्या मोठ्यांना विचारून नकाशावर काढायला सांगा. मिरवणुकीच्या गर्दीत मुलांना मोजमापासाठी मात्र नेऊ नका.

गड्डा भरतो त्या होम मैदानावरचा रिंग फेकण्याचा खेळ वर्गात मांडा. जमिनीवर वस्तू, तीन मीटरवर रेघ, पुठ्ठ्याच्या रिंगा. आमच्या वर्गाने २४० वेळा रिंग फेकली, १८ वेळा बसली. ७.५ टक्के. एका फेकीला १० रुपये आणि बक्षीस ५० रुपयांचं धरलं तर दुकानात आले २४००, गेले ९००. “म्हणजे दुकानदार रोज जिंकतो,” असं एक मुलगी म्हणाली. मग बक्षीस किती रुपयांचं ठेवलं तर तो हरेल, हे समीकरण वर्गाने मांडलं.

इथला मोठा सापळा मला फार उशिरा कळला. “गड्ड्यात तू किती खर्च केलास?” असं कधीही विचारू नका. कोणाचे वडील यंत्रमागावर, कोणाची आई विड्या वळते, आणि तेवढ्यात ज्याने काहीच घेतलं नाही तो खाली मान घालतो. त्याऐवजी सगळ्यांना कागदावर सारखे २०० रुपये द्या, दर मुलांकडूनच जमवा, आणि अंदाजपत्रक करायला सांगा. दिवाळीचे फटाके, ईदचे कपडे, सगळीकडे हेच.

८. गुढी आणि सावली

आदल्या दिवशी शाळेच्या ध्वजस्तंभावर सराव घ्या. एक मीटरची काठी सरळ उभी धरा. सकाळी नऊच्या सुमारास तिची सावली काठीपेक्षा लांब असते. ती १.४ मीटर आणि स्तंभाची ८.४ मीटर असेल तर स्तंभ ६ मीटर. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजा. मधे दहा मिनिटं गेली तरी उत्तर बिघडतं.

पाडव्याला घरी गुढीची उंची काढायची. पण खिडकीला बांधलेली गुढी तिरकी असते, तिला ही रीत लागू पडत नाही. जमिनीवर सरळ उभी असलेलीच गुढी निवडा. तिरक्या गुढीचा जमिनीशी होणारा कोन मोजणं हे ज्यांच्याकडे खिडकीतली गुढी आहे त्यांचं काम. ज्यांच्या घरी गुढी नसते त्यांनी दारातलं झाड किंवा विजेचा खांब घ्यावा, आणि हे पर्याय फळ्यावर गुढीच्या बरोबरीने लिहावेत, शेवटी नाही.

उन्हाळी सुट्टीसाठी एक काम द्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ काठीची सावली पायाशीच गडप होते. आठवडाभर रोज बारा वाजून वीस ते पंचवीस मिनिटांच्या दरम्यान काठीची सावली मोजून वहीत लिहायची. टोपी घालून, पाच मिनिटांत घरात.

९. तपासणी कशी करावी

या उपक्रमांना उत्तरपत्रिकेसारखे गुण देऊ नका. मी वहीत तीनच गोष्टी बघते: मापन स्वतः केलं का, अंदाज आणि मोजमाप दोन्ही लिहिले का, आणि फरक का आला यावर एक वाक्य आहे का. आकारिक मूल्यमापनात उपक्रमाच्या नोंदीसाठी एवढं पुरतं. गटात पाचपेक्षा जास्त मुलं ठेवू नका, सहावा नुसता बघत बसतो. काटा एकच असेल तर गटांना दहा-दहा मिनिटांनी बोलवा.

वर्षभरात नऊच्या नऊ पायऱ्या गाठायच्या नाहीत. पहिल्या वर्षी रांगोळी आणि तिळगूळ एवढेच घ्या. दिनदर्शिकेच्या उपक्रमासाठी मात्र आजपासून जुन्या दिनदर्शिका जमवायला लागा. शाळेच्या कपाटात नसतील तर आसपासच्या किराणा दुकानात विचारा, भिंतीवर एकावर एक टांगलेल्या चार-पाच वर्षांच्या सापडतात.